एक चाक फिरते, दुसरे का थांबते?

पावसाळ्यात शेतरस्त्यावर मोटार रुतली, की एक चमत्कारिक दृश्य दिसते. चालक अ‍ॅक्सिलरेटर दाबतो, इंजिन गर्जते, पुढचे एक चाक चिखल उडवीत गरगर फिरते. आणि घट्ट जमिनीवर असलेले दुसरे चाक मात्र जागचे हलत नाही. जे चाक कामाचे, तेच बसून राहते! इंजिन ठीक, चाके ठीक, मग असे का व्हावे? अलीकडच्या गाड्यांत यावर एक इलेक्ट्रॉनिक उपाय असतो. तो जुन्या दातेरी चाकांच्या उपायाइतका भरवशाचा आहे काय? आडगावातून रात्री रोग्याला दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर या प्रश्नाला किती महत्त्व आहे, हे निराळे सांगायला नको.

प्रथम गाडी वळते कशी, ते पाहू. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त वाट चालावी लागते. दोन चाकांमधील अंतर १.४ मीटर धरले, तर एका पुऱ्या फेऱ्यात बाहेरचे चाक सुमारे ८.८ मीटर अधिक चालते. फेरा लहान असो की मोठा, हा फरक तेवढाच राहतो. शिक्षकांनी हे गणित वर्गात अवश्य घालावे. बैलगाडीला याची अडचण नाही, कारण तिची चाके आसावर आपापली सुटी फिरतात. मोटारीत मात्र इंजिनाला चाके फिरवायची असतात. दोन्ही एकाच दांड्यावर पक्की बसवली, तर वळणावर एक फरफटत जाईल. म्हणून मध्ये डिफरेन्शिअल नावाची दातेरी चाकांची जोडणी असते. ती दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते, पण इंजिनाचा जोर दोघांना सारखाच वाटते.

हा सारखेपणाच चिखलात नडतो. कसे, ते कावडीवरून पाहा. कावडीच्या दोन्ही घागरी भरलेल्या असतील, तर खांदा त्या सहज उचलतो. एक घागर रिकामी करा. भरलेली घागर खाली जाते, रिकामी वर उडते आणि खांद्याचा जोर वाया जातो. डिफरेन्शिअलचेही असेच आहे. हिशेबापुरते धरू, की चिखलातले चाक ५० किलोचाच रेटा घेऊ शकते आणि कोरड्यातले २०० किलोचा. जोर सारखा वाटायचा, म्हणून कोरड्या चाकालाही ५०च मिळतात. एकूण झाले १००. गाडी हलायला समजा १८० लागतात. मग ती हलणार कशी?

ट्रॅक्टर चालवणाऱ्यांना यावरचा सरळ उपाय ठाऊक आहे. ते डिफरेन्शिअल लॉकचा पायटा दाबतात. दोन्ही चाके एकमेकांना जखडली जातात आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. पण लॉक लावून कोणी ट्रॅक्टर वळवीत नाही. तेव्हा पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारीला असे कायमचे लॉक कसे चालावे? अँबॅसडर आणि कुर्ल्याला तयार होणारी प्रीमियर पद्मिनी या गाड्यांना जोर मागच्या चाकांचा होता. १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांवर चालणारी मोटार आपल्याकडे घरोघर ओळखीची झाली. या रचनेत ओढणे आणि वळणे ही दोन्ही कामे पुढच्याच चाकांकडे असतात. ती जखडली, तर स्टिअरिंग जड होते आणि गाडी सरळच जाऊ पाहते.

म्हणून यंत्रज्ञांनी मधला मार्ग काढला. पूर्ण जखडायचे नाही, पण एक चाक फार मोकळे फिरू लागले, तर त्याला आवरायचे. कावड खांद्यावर थोडी घट्ट बसवली म्हणजे ती चटकन कलत नाही, तसे हे आहे. काही रचनांत घर्षणाच्या चकत्या असतात, तर काहींत तिरप्या दात्यांची चाके. अमेरिकेतील व्हर्नन ग्लीझमन यांनी १९५८ मध्ये शोधलेली टॉर्सन ही रचना याच दुसऱ्या कुळातली. अशी रचना कमी पकडीच्या चाकाच्या काही पट जोर दुसऱ्याला देते. ती पट तीन धरली, तर चिखलात ५० आणि कोरड्यात १५०, मिळून २००. गाडी निघाली! मात्र एक मेख आहे. चाक अधांतरी लोंबकळले, तर त्याचा रेटा शून्य, आणि शून्याची तिप्पट शून्यच.

आता इलेक्ट्रॉनिक उपाय. ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी एबीएस ही व्यवस्था जर्मनीच्या बॉश कंपनीने १९७८ मध्ये मर्सिडीज गाडीतून आणली. तिच्यासाठी प्रत्येक चाकाची गती मोजणारे यंत्र लागते. पुढे विचार निघाला, की गती कळतेच आहे, तर फुकट फिरणाऱ्या एकट्या चाकाला ब्रेक का लावू नये? म्हणजे कावडीच्या रिकाम्या घागरीवर हाताने दाब द्यायचा. भरलेली घागर आपोआप उचलली जाते. आपल्या हिशेबात चिखलातल्या चाकावर १०० चा ब्रेक लावला, तर त्या बाजूला १५० झाले. म्हणून कोरड्या बाजूलाही १५० मिळाले. उपयोगी रेटा पुन्हा २००च. पण इंजिनाला ३०० चा जोर लावावा लागला. मधले १०० ब्रेक तापवण्यात गेले. शिवाय चाक घसरू लागल्यावरच ही व्यवस्था जागी होते, आणि ब्रेक फार तापले तर ते वाचवण्यासाठी काही वेळ थांबतेही. उलट, चाक अधांतरी असले तरी ती काम करते, हा तिचा मोठा गुण.

मग श्रेष्ठ कोण? फोक्सवॅगन कंपनीने २००९ च्या गोल्फ जीटीआय गाडीत ब्रेकवर चालणारी एक्सडीएस व्यवस्था दिली. पुढच्या पिढीच्या, २०१३ मधील, अधिक ताकदीच्या प्रकारात तिने पुढच्या चाकांसाठी चकत्यांचे लॉक बसवले आणि त्याचे नियंत्रण मात्र इलेक्ट्रॉनिक ठेवले. यातून बोध असा, की भरधाव वळणे घेणाऱ्या जोरदार गाडीला यांत्रिक रचना हवी. कधीमधी चिखलातून निघायचे असेल, तर ब्रेकचा उपाय पुरतो. त्याला वेगळे डिफरेन्शिअल लागत नाही, म्हणून तो स्वस्तही पडतो.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. भारतात २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले. पण एबीएस आहे म्हणजे घसरते चाक आवरण्याची सोय आहेच, असे नव्हे. गाडी घेताना हे स्वतंत्रपणे विचारून घ्यावे. दुसरे, या व्यवस्था बहुधा इंजिनाचा जोरही कमी करतात. ओल्या डांबरावर ते हिताचे, पण खोल चिखलात गाडी निघता निघता मरगळते. अशा वेळी ती सोय बटणाने बंद करावी, असे अनेक गाड्यांच्या माहितीपुस्तकात सांगितलेले असते. बाहेर पडताच ती पुन्हा चालू करावी. तिसरे, चढावर गाडीचा भार मागे सरकतो आणि पुढच्या चाकांची पकड कमी होते. म्हणून निसरड्या चढावर अ‍ॅक्सिलरेटर हलक्या पायानेच दाबावा. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. यांत्रिक असो वा इलेक्ट्रॉनिक, कोणताही उपाय नवी पकड निर्माण करीत नाही. आहे त्या पकडीची नीट वाटणी तेवढी करतो. दोन्ही चाके चिखलात असतील, तर वाटायला काही उरतच नाही. तेथे झिजलेले टायर वेळीच बदलणारा माणूस, चाकाखाली दगड-फांद्या घालणारी मंडळी आणि मागून रेटा देणारे चार हातच कामी येतात.