पितळखोऱ्याच्या आधी बहाळची पांढर बघा

खान्देशातली आपली लेणी अभ्यास सहल बहुधा चाळीसगावला उतरते आणि थेट पितळखोऱ्याकडे वळते. चाळीसगाव म्हटले की बाबासाहेबांचा १९२९ चा टांगा आठवतो, त्यावर बोलणेही होते. पण त्याच तालुक्यात गिरणेच्या काठी बहाळ आहे, तिथे सहसा कोणी जात नाही. पुढच्या वेळी अर्धा दिवस तिथे द्या.

जुन्या वस्तीच्या टेकाडाला आपल्याकडे पांढर म्हणतात. शेकडो वर्षे घरे पडली, चुलीची राख, शेण, मातीच्या भिंती साचत गेल्या, म्हणून ती माती फिकट. तिच्याखाली खान्देशची काळी जमीन. हा फरक नदीच्या बाजूने चढताना नीट कळतो, म्हणून सुरुवात खालून करा. सर्वांत जुने ते सर्वांत खाली.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे म. न. देशपांडे यांनी १९५० च्या दशकात इथे उत्खनन केले. तळाशी ताम्रपाषाण काळातली शेतकरी वस्ती होती, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातली. तांबड्या मडक्यांवर काळ्या रंगाची नक्षी ही तिची खूण. या लोकांची दफने नदीपलीकडे टेकवाडे इथे सापडली. मृतांसोबत मडकी पुरलेली होती. मग ही वस्ती ओस पडली. बराच काळ गेल्यावर लोखंड वापरणारे लोक आले आणि त्यांच्यावर सातवाहन काळापर्यंतचे थर चढले.

आपल्या दृष्टीने हा वरचा थर महत्त्वाचा, कारण पितळखोऱ्यात छिन्नी चालत होती ती याच सुमारास. योगायोग असा की, पितळखोऱ्याच्या लेण्यांपुढचा ढिगारा उपसून त्यांचा अभ्यास मांडणारेही देशपांडेच. त्या ढिगाऱ्यातून निघालेल्या यक्षमूर्तीवर ती घडवणाऱ्या कान्हदास सोनाराचे नाव कोरलेले आहे. दानलेखांत पैठणचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी मितदेव आहे, राजवैद्य मगिल आहे. म्हणजे लेणे डोंगरात असले तरी त्याचा खर्च पेठेतून आला. आणि भिक्खूंच्या भिक्षापात्रात पडणारे धान्य? ते बहाळसारख्या नदीकाठच्या गावांतच पिकत होते. दानलेखात नाव नसलेला माणूस शोधायचा तर तो पांढरीतच सापडेल.

इथे एक पथ्य पाळावे लागेल. बहाळचे पहिले रहिवासी बुद्धांच्या सुमारे हजार वर्षे आधीचे. त्यांच्या खापराचा फोटो 'प्राचीन बौद्ध नगरी' म्हणून व्हॉट्सॲपवर फिरवू नका. दुसऱ्यांनी आपली लेणी 'पांडवलेणी' केली म्हणून आपण चिडतो. मग आपणही तेच करायचे का?

खापर उचलून खिशात घालू नका. ते कोणत्या थरात होते हे हरवले की त्याची किंमत फुटक्या कौलाएवढी. खिशातले एक खापर तरी लहान गोष्ट आहे. पांढरीची माती खतासारखी चांगली म्हणून गावोगावी ट्रॅक्टरने शेतात नेली जाते, त्यात थरच्या थर जातात. शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाही, त्याला कोणी सांगितलेलेच नसते. म्हणून सहलीचा शेवटचा तास ग्रामपंचायतीत घालवा. पांढरीची कडा कुठे कापली गेली आहे त्याचे तारखेसह फोटो दाखवा, माती उचलू नये असा ठराव मागा आणि त्याची प्रत पुरातत्त्व खात्याला पाठवा.