थांबत थांबत पळणारे टेबल

१८४१ साली अमेरिकी चित्रकार जॉन रँड यांनी रंग भरण्यासाठी कथलाच्या नळीचे पेटंट घेतले. आज प्लास्टिकच्या ट्यूब अनेक कारखान्यांत टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या गोल टेबलावर घडतात. एका थांब्यावर दांड्यावर नळी चढते, पुढच्यावर तिच्या तोंडाशी वितळलेल्या प्लास्टिकचा खांदा जोडला जातो, मग झाकण बसते.

मिनिटाला १२० ट्यूब हव्यात, तर सरकणे आणि थांबणे मिळून हाती फक्त अर्धा सेकंद!

सरकण्याचा वेळ निम्मा केला, की त्वरण चौपट होते आणि टेबल थरथरू लागते. म्हणून अभियंते दांडे हलके करतात, टेबलाचा व्यास घटवतात, टेबल फिरवणाऱ्या कॅमचा आकार बदलून धक्के सौम्य करतात. वितळलेले प्लास्टिक मात्र निवायला वेळ घेतेच. तिथे थंड करणारे थांबे वाढवतात किंवा प्रत्येक थांब्यावर दोन दांडे बसवतात. दोन दांडे असले, की टेबलाचा वेग तोच राहून उत्पादन दुप्पट होते.