आधी निदान, मग पार्ट

बंगळुरूतल्या बेळ्ळंदूरच्या आउटर रिंग रोडवर कंपन्यांच्या माणसांची ने-आण करणाऱ्या गाड्यांच्या रांगेत पहिल्या पिढीची टोयोटा इनोव्हा आजही दिसते. सात-आठ माणसं, सामान, खड्डे आणि लांबचा पल्ला हे सगळं निमूट सोसणारी गाडी म्हणून तिचं नाव झालं आणि ते नाव तिने कमावलेलं आहे. पण गाडीचं वय झालं की एक तक्रार हमखास कानावर येते. सिग्नलला वेग कमी करताना इंजिन अचानक बंद पडतं, पुन्हा सेल्फ मारला की सुरू होतं आणि त्याच सुमारास पहिला किंवा रिव्हर्स गिअर पडायला अडून बसतो. चार दिवस काहीच होत नाही, पाचव्या दिवशी ऐन गर्दीत दोनदा होतं. गॅरेजमध्ये नेली की गाडी शहाण्यासारखी चालते. मग 'पार्ट बदलून बघू' हे वाक्य येतं आणि मालकाच्या खिशाला गळती लागते. माझं म्हणणं असं की, अधूनमधून येणाऱ्या बिघाडात पार्टच्या आधी परिस्थिती पकडायला हवी. बिघाड कधी होतो हे नेमकं कळलं, की तो कुठे आहे हे शोधायला फारसा वेळ लागत नाही. ते न कळता बदललेला प्रत्येक पार्ट हा महागडा अंदाज असतो.

ही गाडी मराठी माणसाला परकी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, लोखंडी नांगर घडवला, 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. त्याच घराण्याच्या चौथ्या पिढीतल्या विक्रम किर्लोस्करांच्या काळात टोयोटाशी भागीदारी झाली आणि 1997 मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटर ही कंपनी उभी राहिली. बंगळुरूजवळ म्हैसूर रस्त्यावरच्या बिडदीच्या कारखान्यातून 2000 मध्ये क्वालिस बाहेर पडली आणि 2005 मध्ये तिची जागा इनोव्हाने घेतली. तिथेच टोयोटा किर्लोस्कर ऑटो पार्ट्स या कंपनीत 2004 पासून मॅन्युअल गिअरबॉक्स तयार होऊन परदेशांतल्या कारखान्यांना जाऊ लागले. इनोव्हाच्या 2494 सीसी डिझेल इंजिनात कॉमन रेल पद्धत होती. एका जाड नळीत प्रचंड दाबाखाली डिझेल भरून ठेवायचं आणि कोणत्या इंजेक्टरने ते कधी आणि किती सोडायचं हे संगणकाने ठरवायचं, अशी ही रचना. जुन्या डिझेल इंजिनात पंप, नोझल आणि मिस्त्रीचा कान पुरेसा असे. इथे सेन्सर, वायरिंग आणि संगणकही खेळात उतरले. त्यामुळे बिघाडाच्या जागा वाढल्या आणि नुसत्या सवयीने निदान करण्याचे दिवस संपले.

आता परिस्थिती पाहू, कारण बेळ्ळंदूर ही अशा बिघाडांना पोसणारी जागा आहे. टॉमटॉम कंपनीच्या 2022 च्या वाहतूक अहवालात बंगळुरूच्या मध्यभागात 10 किलोमीटर जायला सरासरी 29 मिनिटं 10 सेकंद लागतात असं नोंदलं गेलं, म्हणजे ताशी वेग वीसच्या आसपास. इब्बलूर जंक्शन ते देवरबीसनहळ्ळी हा टप्पा ऑफिसच्या वेळी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही सरासरीही उदार वाटेल. अशा रस्त्यावर क्लच शेकडो वेळा दाबला जातो, एसी अखंड चालू असतो, इंजिन तासन् तास आयडलिंगवर तापत राहतं आणि बॉनेटखाली वारा खेळत नाही. त्यात पाण्याची भर. सप्टेंबर 2022 च्या सुरुवातीला एका रात्रीत शहरात सुमारे 130 मिलिमीटर पाऊस पडला, तलाव भरून वाहिले आणि बेळ्ळंदूरजवळच्या इकोस्पेस परिसरात रस्त्याचा ओढा झाला. लोक ट्रॅक्टरवर बसून कामावर गेले. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या वाळल्या, धुतल्या गेल्या, विकल्याही गेल्या. पण कनेक्टरच्या आत शिरलेलं घाण पाणी तांब्यावर हिरवट थर धरतं आणि तो थर महिन्यांनी, वर्षांनी त्रास देतो. म्हणून अशा गाडीचा इतिहास विचारणं हा निदानाचाच भाग आहे.

बंद पडणं आणि गिअर न पडणं या दोन तक्रारी एकत्र आल्या की पहिला प्रश्न हा, की कारण एक आहे की दोन? एकाच कारणाने दोन्ही घडू शकतं. क्लच पूर्ण सुटत नसेल, तर पेडल दाबूनही इंजिनची थोडी ताकद गिअरबॉक्सकडे जात राहते. त्यामुळे गिअर खरखरतो आणि गाडी गिअरमध्ये ठेवून थांबताना इंजिनवर ओझं पडून ते बंदही पडतं. हे तपासायला एक पैसा लागत नाही. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहायचे. बंद इंजिनवर ते लोण्यासारखे पडत असतील आणि चालू इंजिनवर अडत असतील, तर संशय क्लचवर. बंद इंजिनवरही अडत असतील, तर दोष लिव्हरच्या जोडणीत किंवा गिअरबॉक्सच्या आत. एकच गिअर खरखरत असेल, तर त्या गिअरचा सिंक्रोनायझर झिजलेला असण्याची शक्यता मोठी. पेडल दोनदा भरभर मारल्यावर गिअर पडत असेल, तर क्लचप्लेटला हात लावण्याआधी मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर पाहायचे, कारण तिथे सील गळतं आहे किंवा लाइनमध्ये हवा आहे. शेवटची परीक्षा सर्वांत बोलकी. काही दिवस सिग्नल येण्याआधीच गाडी न्यूट्रल करून पेडल सोडायचं. तरीही इंजिन बंद पडलं, तर त्या बंद पडण्यापुरता क्लच निर्दोष ठरला आणि कारणं दोन आहेत हे सिद्ध झालं.

क्लच संशयातून मोकळा झाला की उरतात डिझेल आणि वीज. इथे बंद पडण्याच्या क्षणी टॅकोमीटरचा काटा पाहायचा. गाडी गिअरमध्ये चालत असताना इंजिन मेलं, तरी चाकं त्याला फिरवत असतात, म्हणून काटा हळूहळू खाली आला पाहिजे. तसं झालं तर बहुधा डिझेल कमी पडलं. चाकं इंजिन फिरवत असतानाही काटा एकदम शून्यावर कोसळला, तर इंजिन फिरतंय हे संगणकाला सांगणाऱ्या क्रँक सेन्सरचा सिग्नल किंवा त्याचा वीजपुरवठा तुटला. सेन्सरमधली वेटोळी तापली की आतली बारीक भेग उघडते, थंड झाली की मिटते. इंजिन वीस मिनिटांनी दुरुस्तीविना पुन्हा सुरू होण्यामागे अनेकदा हेच असतं. डिझेलच्या बाजूला इनोव्हाची एक खासियत ध्यानात ठेवावी. टाकीपासून डिझेल ढकलून पाठवलं जात नाही, इंजिनवरचा पंपच ते ओढून घेतो. म्हणून टाकी आणि पंप यांच्यामध्ये नळीला बारीक भोक पडलं, तर इंजिन चालू असताना तिथून डिझेल ठिबकत नाही, उलट हवा आत जाते. कोरडी नळी पाहून मिस्त्री पुढे जातो आणि दोष तिथेच राहतो. पंपाआधी थोडा वेळ पारदर्शक नळी जोडली की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. फिल्टर आणि त्यात साठणारं पाणी हे तर आधीच तपासायचं. त्यानंतर पंपावरचा सक्शन कंट्रोल व्हॉल्व्ह. पंपात किती डिझेल घ्यायचं हे तो ठरवतो. तो चिकटू लागला की रेलमधला दाब वरखाली होतो आणि रेस सोडून आयडलिंगवर येताना इंजिन मरतं. हा व्हॉल्व्ह पंपापासून वेगळा काढता येतो. अख्ख्या पंपाचं बिल करण्याआधी ग्राहकाने त्याबद्दल विचारलंच पाहिजे.

यावर पहिला आक्षेप असा, की आता स्कॅनर आहे, कोड वाचला की संपलं. स्कॅनर मोलाचा आहे, पण तो फक्त संगणकाला दिसलेलं सांगतो. क्लच सुटतो की नाही हे या गाडीच्या संगणकाला कळत नाही. रेलचा दाब कमी असल्याचा कोड आला, तरी तो हवेमुळे कमी झाला, फिल्टरमुळे की व्हॉल्व्हमुळे, हे कोडमध्ये लिहिलेलं नसतं. स्कॅनरचा खरा उपयोग चालत्या गाडीत आहे. मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब शेजारी ठेवून, नेहमी बंद पडते त्याच वेळी, त्याच रस्त्यावर पाहायचा. हिवताप ताप चढलेला असताना रक्ताच्या तपासणीत जसा सापडतो, तसाच हा बिघाड तो घडत असताना सापडतो. म्हणूनच साठलेले कोड लिहून न घेता पुसणं किंवा बॅटरी काढून ठेवणं म्हणजे हातचा पुरावा घालवणं.

दुसरा आक्षेप अनुभवाचा. मुरलेला मिस्त्री आवाजावरून सांगतो, त्याला तपासण्या कशाला? त्याच्या अनुभवाचा मान राखूनच सांगतो, की अनुभव कुठून सुरुवात करायची ते दाखवतो, शेवटचा निकाल मात्र मोजमापाने लागतो. याची मोठी साक्ष अमेरिकेत आहे. क्रायस्लरने 1989 मध्ये आपल्या मिनीव्हॅनला अल्ट्राड्राइव्ह हा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला. गडबड जाणवली की तो स्वतःला वाचवण्यासाठी दुसऱ्या गिअरमध्ये अडकून राही. त्याच्या आतल्या अडचणी खऱ्या होत्या, पण चुकीच्या तेलाने आणि स्वस्तातल्या वेगाच्या सेन्सरनेही तशीच लक्षणं येत. ऑटोमॅटिक गाडीतही टॉर्क कन्व्हर्टरचा आतला क्लच सुटला नाही, तर थांबताना इंजिन बंद पडतं. म्हणजे रचना बदलली तरी लक्षण तेच राहतं, आणि लक्षणावरून थेट गिअरबॉक्स उतरवणं तिथेही महागच.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. पंधरा वर्षांच्या गाडीसाठी एवढी खटपट कोण करणार, विकून मोकळं व्हावं. नोंदणीच्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल 2022 पासून 600 रुपयांवरून 5000 झालं, त्यात फिटनेसची तपासणी आली, हे खरं. पण निदान न करता विकलेली गाडी आपला दोष सोबत घेऊन दुसऱ्या कुटुंबाकडे जाते. इंजिन बंद पडलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदतही दोन-तीन दाबांनंतर संपते. रिंग रोडच्या उड्डाणपुलावर मागून बस येत असताना हे घडणं जिवावर बेतू शकतं. शिवाय अंदाजाने बदललेला पार्ट पुष्कळदा नकली निघतो आणि जुन्या दोषाच्या जोडीला नवा दोष येतो. गाडी ठेवायची की काढायची हा निर्णयसुद्धा निदानानंतरच शहाणपणाने घेता येतो.

तेव्हा जुनी इनोव्हा चालवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही ठेवा. गाडी बंद पडली की सुरक्षित जागी लावून लिहा: इंजिन गार होतं की तापलेलं, एसी चालू होता का, टाकीत डिझेल किती, गिअर कोणता, क्लच दाबलेला होता का, काटा कसा पडला, किती वेळाने गाडी सुरू झाली. ती वही घेऊनच गॅरेजमध्ये जा. नवा पार्ट टाकण्याआधी जुना दोषी असल्याचा पुरावा मागा आणि तो पुरावा शोधण्यासाठी लागलेल्या वेळाची मजुरी घासाघीस न करता द्या. निदानाचे पैसे द्यायला ग्राहक तयार झाले, तरच निदान करणारे मिस्त्री टिकतील.