मांगेइराचा गवंडी

सांबा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पिसांचे मुकुट, ढोलांचा गजर आणि रिओ दि जानेरो शहरातून रात्रभर चालणारी कार्निव्हलची मिरवणूक उभी राहते. हे चित्र खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. मिरवणूक चार दिवसांची असते. उरलेले वर्षभर ती गाणी रचणारी माणसे काय करीत, काय खात, आणि त्यांच्या गाण्याचे मोल त्यांच्या पदरी किती पडे, हे पाहिल्यावाचून सांबा कळावयाचा नाही. म्हणून आपण येथे एकाच माणसाचे चरित्र पाहू. त्याचे नाव आंजेनोर दि ऑलिव्हेरा. जगाने त्याला कार्टोला म्हणून ओळखले.

आधी सांबाविषयी दोन शब्द. ब्राझीलमध्ये गुलामगिरी 1888 साली कायद्याने नष्ट झाली. मुक्त झालेली आफ्रिकी वंशाची अनेक कुटुंबे पोटापाण्यासाठी बाहिया प्रांतातून रिओस आली. त्यांच्या घरी जमणाऱ्या बैठकांतून सांबा वाढला. मोठा ढोल ठेका धरून असतो. खंजिरीसारखी लहान वाद्ये त्या ठेक्याच्या आगेमागे खेळत राहतात. आणि या ओढाताणीमुळेच पायांना स्वस्थ बसवत नाही. बैठकीत एकाने ओळ टाकावी, दुसऱ्याने तिला जोड द्यावी, सर्वांनी ध्रुपद उचलावे, अशी रीत. अशा गाण्याला धनी कोण? 1916 साली डोंगा नावाच्या वादकाने ‘पेलु तेलेफोनि’ हे गाणे स्वतःच्या नावावर नोंदविले, तेव्हा बैठकीतल्या इतरांनी ‘हे तर आम्हां सर्वांचे’ म्हणून कुरकूर केली. ग्रामोफोन आला आणि गाण्याला मालक हवा झाला. आमच्या नायकाची सारी कहाणी या एका वाक्यात सामावली आहे.

त्याचा जन्म 11 ऑक्टोबर 1908 रोजी रिओ शहरात झाला. घरची स्थिती खालावली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. कुटुंब मांगेइरा नावाच्या टेकडीवरील गरिबांच्या वस्तीत राहावयास आले. मांगेइरा म्हणजे आंब्याचे झाड. हा आंबा पोर्तुगिजांच्या गलबतांतून हिंदुस्थानकडून तिकडे गेला, हे सांगितले म्हणजे ती टेकडी आपल्याला तितकीशी परकी वाटणार नाही. शिक्षण प्राथमिक शाळेपुरतेच झाले. आई लवकर वारली, वडिलांशी पटेना. पोरगा गवंडीकामाला लागला. डोक्यावर सिमेंट पडू नये म्हणून तो कामावर एक गोल कडक हॅट घालून जाई. सोबत्यांनी थट्टेने नाव ठेवले कार्टोला, म्हणजे ‘उंच हॅटवाला’. उंच हॅट ही तिकडे श्रीमंतांची खूण. ती गवंड्याच्या वाट्यास अशी आली!

1928 साली कार्टोला आणि त्याच्या सोबत्यांनी टेकडीवर ‘एस्तासाँव प्रिमेइरा’, म्हणजे ‘पहिले स्टेशन’, या नावाची सांबाशाळा स्थापन केली. ही शाळा म्हणजे फळा व खडू नव्हे; मिरवणुकीसाठी एकत्र येणारे वस्तीचे मंडळच ते. शहरातील मुख्य स्थानकातून गाडी निघाली की जेथे सांबा ऐकू येई असे पहिले स्टेशन मांगेइरा, म्हणून ते नाव. हिरवा व गुलाबी हे तिचे रंग कार्टोलानेच निवडले. 1932 साली अशा मंडळांची पहिली स्पर्धा झाली आणि ती मांगेइराने जिंकली.

याच सुमारास मारियु रेइस हा नामवंत गायक गाणे विकत घेण्यासाठी टेकडीवर माणूस पाठवितो, हे ऐकून कार्टोला चकित झाला. गाणे कोणी पैसे देऊन घेतो, हेच त्याला खरे वाटेना. त्याने तीनशे मिल-रेइस घेऊन ध्वनिमुद्रणाचे हक्क दिले. 1929 साली ते गाणे फ्रान्सिस्को आल्व्हिस या दुसऱ्या मोठ्या गायकाच्या आवाजात निघाले. असे व्यवहार पुढे होत राहिले. गाणी रेडिओवर गेली. गवंडी टेकडीवर राहिला. 1940 साली लिओपोल्ड स्टोकोव्स्की हा प्रसिद्ध वाद्यवृंद-संचालक रिओस आला, तेव्हा बंदरात उभ्या असलेल्या ‘उरुग्वे’ या आगबोटीवर स्थानिक संगीताचे मुद्रण झाले. कलावंत जमविण्याचे काम थोर रचनाकार व्हिला-लोबोस यांनी केले होते, आणि त्या कलावंतांत कार्टोलाही होता.

त्यानंतर मात्र तो दिसेनासा झाला. मेंदूज्वराचे दुखणे आले, पत्नी वारली, टेकडी सुटली. पुष्कळांनी तो मेला असेच धरून चालले होते. गाणी जिवंत आणि कर्ता मृत, अशी ही विलक्षण अवस्था! 1956 साली सेर्जिओ पोर्तो या पत्रकाराला इपानेमा भागात मोटारी धुणारा एक कृश माणूस ओल्या कपड्यांत भेटला. तो कार्टोला होता. पोर्तो यांनी त्याला पुन्हा रेडिओपर्यंत नेले. तथापि पोटासाठी पुढेही कचेरीत शिपायाची नोकरी करावी लागली.

1963 साली कार्टोला आणि त्याची सहचारिणी झीका यांनी ‘झिकार्टोला’ नावाची खानावळ काढली. झीका रांधी, तो गाई. टेकडीवरचे वृद्ध गायक आणि शहरातील सुशिक्षित तरुण तेथे प्रथमच एका टेबलाशी बसले. पाउलिन्यो दा व्हिओला हा पुढे नावारूपाला आलेला गायक तेथेच पुढे आला. परंतु हिशेब ठेवणे हे कार्टोलाचे काम नव्हे. 1965 साली खानावळ बंद पडली. मधल्या काळात, 1964 साली, झीकाशी विवाह करताना कागदपत्रे पाहिली, तेव्हा आपले नाव आजेनोर नसून आंजेनोर आहे, हे त्याला छप्पन्नाव्या वर्षाच्या आसपास कळले. ज्याच्या गाण्यावर दुसऱ्यांची नावे गाजली, त्याला स्वतःचे नावही उशिराच सापडले!

त्याच्या स्वतःच्या आवाजातली पहिली मोठी तबकडी निघाली 1974 साली. तेव्हा तो पासष्ट वर्षांचा होता. 1976 सालच्या दुसऱ्या तबकडीत ‘गुलाब बोलत नाहीत’ या अर्थाच्या नावाचे गाणे आहे. अंगणात इतकी फुले कशी आली, असे झीकाने विचारले, आणि मला काय ठाऊक, गुलाब काही बोलत नाहीत, असे तो म्हणाला. त्यातून ते गाणे झाले. त्या आवाजात थकवा आहे, पण तक्रार नाही. 30 नोव्हेंबर 1980 रोजी कर्करोगाने त्याचे निधन झाले.

पहिले गाणे मुद्रित झाल्यापासून स्वतःची तबकडी निघेपर्यंत पंचेचाळीस वर्षे गेली. हा दोष एका माणसाचा नाही. गाणे आवडले म्हणजे गायकाचे नाव आपण विचारतो; रचणाऱ्याचे नाव विचारण्याची सवय आपल्याला नसते. मग तो रचणारा शेजारच्या रस्त्यावर मोटारी धूत असला, तरी आपल्याला कळणार कसे? ही सवय श्रोत्यांनी लावून घेतली, तर उद्याच्या एखाद्या कार्टोलाला पंचेचाळीस वर्षे थांबावे लागणार नाही.