शब्दामागे चाळीस पैसे

पुलगावला लष्कराच्या दारूगोळ्याचे केंद्रीय भांडार आहे; गावकरी त्याला नुसते ‘डेपो’ म्हणतात, आणि जिथे वर्दी रोज भाजीबाजारात दिसते तिथे पेन्शनवर आलेल्या सैनिकाचे अप्रूप कुणाला फारसे उरलेले नाही. तरीही अशाच एका हवालदाराविषयी एका स्नेह्याने सहज सांगितलेली हकीकत माझ्या मनात रुतून बसली: हे गृहस्थ रोज सकाळी बुटांना पॉलिश करतात, इस्त्रीचा सदरा चढवतात आणि नऊच्या ठोक्याला स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत ‘ड्यूटीवर’ जातात. हे व्रत की विक्षिप्तपणा, ते पाहायला मी गेलो.

खोलीत शिरताच पहिला जाणवला तो पॉलिशचा दर्प. बूट उंबऱ्याबाहेर काढावेत हा घराचा शिरस्ता, पण तो या एका माणसापुरता गृहिणीने केव्हाच रद्द केला आहे. टेबलावर संगणक, दोन शब्दकोश आणि एक हजेरीवही. वहीत रोज नऊ वाजता आणि पाच वाजता सही करणारा एकच माणूस, आणि ती तपासणाराही तोच. चोवीस वर्षे सैन्यात कारकुनी करून, कुणाची बदली, कुणाची रजा, कुणाला झालेले मूल ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये बिनचूक नोंदवून ज्याचा हात तयार झाला, तो आज पुण्या-दिल्लीच्या एजन्सींसाठी इंग्रजी-हिंदी मजकुराचे मराठी करतो. विम्याची पत्रके, औषधांच्या सूचना, यंत्रांच्या माहितीपुस्तिका. फाइल येते, अनुवाद होतो, फाइल जाते. धन्याचे तोंड त्यांनी कधी पाहिलेले नाही.

“शब्दामागे चाळीस पैसे,” ते म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता. रेशनचे प्रमाण सांगावे तितक्या निर्विकारपणे सांगितले. आठ तास मान मोडून बसले तर दीड हजार शब्द होतात, म्हणजे सहाशे रुपये. पण आधी आलेले वाक्य पुन्हा आले तर त्याचा मोबदला नाही, यंत्राने केलेला अनुवाद दुरुस्त करायचा असेल तर दर निम्मा, आणि बिलाचे पैसे पदरात पडायला दीड-दोन महिने. शिवाय महिन्यातले निम्मे दिवस कामच येत नाही.

मी गेलो तो दिवस असाच निघाला. अकरा वाजले, बारा वाजले, फाइल आली नाही. हवालदार ताठ पाठीने खुर्चीत बसून होते. जरा बाहेर फिरून येऊ, असे मी सुचवले, तेव्हा ते सौम्यपणे म्हणाले, “ड्यूटी पाचला सुटते.” हे ऐकून मला हसू आले, पण ते फार वेळ टिकले नाही. सैन्यात पहारेकऱ्यासमोरून रात्रभर चिटपाखरू फिरकले नाही तरी त्या रात्रीचा पगार त्याला मिळतोच, कारण तिथे सज्ज राहणे हेच काम मानलेले आहे. या खोलीतही तीच सज्जता, तीच शिस्त, परंतु ती चाळीस पैशांत कुठेच धरलेली नाही. घरबसल्या कामाचे स्वातंत्र्य म्हणून जे मिरवले जाते, त्यातला मोठा हिस्सा हा असा बिनपगारी पहारा आहे, असे माझे मत तिथेच बनले.

बँकेच्या दाराशी बंदूक घेऊन उभे राहण्याची नोकरी त्यांना सहज मिळाली असती. बरोबरीचे बरेच जण तिथेच रुजू झाले. यांनी ती नाकारली. “लिहिणारा माणूस आहे मी,” एवढेच कारण दिले. मग थोडे थांबून, “पेन्शन आहे म्हणून जमते. नाहीतर या भावात कोण बसणार?”

या वाक्यात सारा हिशेब आला. सरकार जी पेन्शन गत सेवेसाठी देते, तिच्या जोरावर एजन्सीला स्वस्त अनुवादक मिळतो, आणि जो दर केवळ पेन्शनवाल्याला परवडतो तोच बाजाराचा दर होऊन बसतो.

घरी बसून नगावर काम करणाऱ्याला किती द्यावे, हा प्रश्न या वर्धा जिल्ह्याला नवा नाही. 1935 साली कातणाऱ्यांची मजुरी गांधीजींनी चरखा संघाला वाढवायला लावली. आठ तास कातले तर त्यावर निर्वाह झाला पाहिजे, हे त्यामागचे तत्त्व होते. खादी महागेल, गिऱ्हाईक तुटेल, ही भीती कार्यकर्त्यांनीच घातली होती, तरी गांधीजी हटले नाहीत. आणि विनोबांनी वर्ध्यालगतच्या नालवाडीत स्वतः कातून तेवढ्या मजुरीत जगता येते का ते पाहिले. शब्दाचा दर ठरवणाऱ्यांपैकी कुणी असे जगून पाहिल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

हवालदारांच्या गल्लीतली दोन पोरे पहाटे भरतीसाठी धावतात. 2022च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर फार तर पंचवीस टक्के जवान कायम होतात. बाकीचे सुमारे पावणेबारा लाख रुपये घेऊन परततात, पेन्शन नाही. भूसेनेतली पहिली तुकडी 2023च्या आरंभी प्रशिक्षणाला रुजू झाली, म्हणजे तिची मुदत 2027च्या आरंभी भरते. परतणाऱ्यांपैकी कुणी असेच टेबल मांडायचे ठरवले, तर त्यांना एवढेच सांगेन: आठ तासांच्या निर्वाहावरून काढलेला दर आधी ठरवून घ्या. चाळीस पैसे तुम्हाला पुरणार नाहीत.