छोट्या बशीतले जेवण

चाकणच्या कारखान्यांत राबणाऱ्या आपल्या बांधवांना ‘कायझेन’ हा जपानी शब्द पाठ आहे. जपानी जेवणाची मात्र ओळख नाही. फ्रेंच तर दूरच! या दोघांची सोयरीक कशी जुळली ते आम्ही सांगतो. ओसाकात १९६० साली शिझुओ त्सुजी यांनी पाकशाळा काढली. पॉल बोक्यूझसारखे नामवंत फ्रेंच आचारी तिथे शिकवायला गेले. १९७० च्या दशकात फ्रेंचांचे घट्ट, लोणीदार रस्से हलके झाले, जपानी धर्तीवर सजवलेल्या लहान बशा एकामागून एक येऊ लागल्या. दोन घासांची बशी पाहून आपली माणसे बुजतात. का बुजावे? पुढच्या बशा यायच्याच असतात. पूर्ण जेवणाचा दर मात्र आधी विचारावा. सोबत कोणी शाकाहारी असेल तर रश्शाचेही विचारावे. जपानी ‘दाशी’त बहुधा वाळवलेला मासा असतो.