काडीमोडाची वेळ आली, तर वकील कसा शोधावा?

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्याकडे लहानथोरांच्या तोंडी असते. बांधाच्या भांडणापुरती ती खरीही आहे. परंतु नवराबायकोचे पटेनासे होते, लेक लेकराला घेऊन माहेरी येते आणि दोन्हीकडची वडीलधारी मंडळी स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी लिहून मोकळी होतात, तेव्हा हीच म्हण त्या लेकीचे आणि लेकराचे नुकसान करते.

शेतीच्या कामानिमित्त आपल्या जिल्ह्यात फिरताना पिकावरच्या रोगाबरोबर माणसे घरचे दुखणेही सांगतात आणि हळूच विचारतात, “साहेब, यासाठी वकील कुठला गाठावा?” त्यासाठी हा लेख. संसार सावरत असेल तर तो जरूर सावरावा. पण तुटायचाच असेल, तर तो कायद्याने तुटावा.

सोडचिठ्ठी म्हणजे घटस्फोट नव्हे

हिंदू विवाह कायदा १९५५ सालचा. त्यानुसार घटस्फोट देण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे. नोटरीचा शिक्का मारलेल्या कागदाने लग्न मोडत नाही. काही समाजांत काडीमोडाची रूढी पूर्वापार आहे आणि कायद्याने ती राखलीही आहे. पण अशी रूढी आपल्या समाजात खरोखर चालत आली आहे, हे वेळ आल्यावर पुराव्याने सिद्ध करावे लागते. ते जमले नाही तर पहिले लग्न कायम राहते, दुसरे रद्दबातल ठरते आणि पहिला जोडीदार जिवंत असता दुसरे लग्न करणे हा गुन्हा होतो. पुढे सात-बाऱ्यावर वारस लावायची वेळ आली की हे भांडण पुन्हा उभे राहते.

सर्वांना एकच कायदा लागू नाही, हेही ध्यानात ठेवा. अकोले तालुक्यातील महादेव कोळी, ठाकर यांसारख्या अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा लागू होत नाही. तिथे त्यांची रूढी पाहिली जाते. मुसलमान व ख्रिस्ती कुटुंबांचे कायदे वेगळे आहेत. म्हणून पहिल्याच भेटीत वकिलाला आपली जात-जमात, धर्म आणि लग्न कोणत्या पद्धतीने झाले ते सांगावे.

वकील कुठे मिळेल?

पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. मुलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींनाही हा हक्क आहे. इतर पुरुषांना उत्पन्नाची मर्यादा आहे. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते आणि नगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. तिथे साधा अर्ज करावा. १५१०० या क्रमांकावर फोन केल्यासही माहिती मिळते.

घटस्फोट व पोटगीच्या दाव्यात स्त्रियांना महाराष्ट्रात १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. शिवाय दावा चालू असताना ज्या बाजूला उत्पन्न नाही, तिला दुसऱ्या बाजूकडून खर्च व अंतरिम पोटगी मागता येते.

२००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नी सध्या जिथे राहते तिथल्या न्यायालयातही तिला घटस्फोटाचा अर्ज करता येतो. म्हणजे पाथर्डीच्या माहेरी राहणाऱ्या लेकीने सासरच्या जिल्ह्यात खेटे घालण्याची गरज नाही. वकीलही शक्यतो त्याच न्यायालयात रोज उभा राहणारा असावा.

वकिलाची पारख

बियाणे घेताना आपण पिशवीवरचा लॉट नंबर पाहतो आणि पावती मागतो. इथेही तेवढेच करावे.

१. वकिलाची सनद आहे ना, ते पाहावे. कोर्टाच्या आवारात भेटणारा मध्यस्थ म्हणजे वकील नव्हे.

२. घटस्फोट, पोटगी व मुलांच्या ताब्याची कामे ते नेहमी चालवतात का, हे विचारावे. जमिनीच्या दाव्यात नाव कमावलेला वकील या कामात तितकाच मुरलेला असेल असे नाही.

३. फी एकूण किती, कोणत्या टप्प्याला किती, हे आधी ठरवावे आणि दिलेल्या पैशाची पावती घ्यावी. मिळणाऱ्या पोटगीत वाटा ठरवून फी घेणे वकिलांच्या नियमांत बसत नाही.

४. “निकाल खिशात आहे” असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे. चांगला वकील आपल्या बाजूचे दुबळे मुद्देही सांगतो.

५. कोऱ्या कागदावर सही अथवा अंगठा कदापि देऊ नये. प्रत्येक कागद वाचून घ्यावा आणि त्याची प्रत ठेवावी.

विश्वास उडाला तर वकील बदलता येतो. फी थकली या कारणावरून पक्षकाराची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निकाल आहे.

दोघांची संमती असेल तर मार्ग सोपा आहे. एक वर्ष वेगळे राहिल्यावर एकत्र अर्ज करता येतो. त्यानंतरची सहा महिन्यांची मुदत न्यायालय योग्य प्रकरणी माफ करू शकते, हे २०१७ पासून स्पष्ट झाले आहे. मात्र पोटगी, स्त्रीधन आणि मुले यांविषयीचा मजकूर आपल्या स्वतःच्या वकिलाकडून तपासून घ्यावा.

लेकरू कोणाकडे?

‘मुलगा बापाचा, मुलगी आईची’ ही गावची समजूत न्यायालयात चालत नाही. न्यायालय पाहते ते मुलाचे हित. पाच वर्षांखालील मूल साधारणपणे आईजवळ ठेवावे असे १९५६ चा कायदा सांगतो. मूल जाणते असेल तर त्याचे म्हणणेही विचारात घेतले जाते. ताबा एकाकडे गेला तरी दुसऱ्याला भेटीचा हक्क मागता येतो आणि बापाची पोटगीची जबाबदारी संपत नाही. आईबाप वेगळे झाले म्हणून हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीतला मुलामुलींचा हक्कही जात नाही.

म्हणून शाळेतून पोर परस्पर उचलून नेणे, त्याला पढवणे, भेट नाकारणे असे प्रकार करू नयेत. पोराला त्याचा त्रास होतोच आणि ते आपल्याच दाव्याला बाधतात.

बरोबर काय न्यावे?

लग्नपत्रिका व फोटो, आधार कार्ड, मुलांचे जन्मदाखले, शाळेचा दाखला, दवाखान्याची कागदपत्रे आणि पोलिसांत तक्रार केली असल्यास तिची प्रत. शेतकऱ्याचे उत्पन्न पगाराच्या कागदावर दिसत नाही. म्हणून सात-बारा व आठ-अ, ऊसबिलाची, दूध संस्थेची व बाजार समितीची पट्टी मिळेल तेवढी जमवावी. २०२० पासून पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंना आपली मिळकत व देणी शपथेवर लिहून द्यावी लागतात. हे कागद तिथे उपयोगी पडतात.

मारहाण होत असेल तर घटस्फोटाचा निर्णय होईपर्यंत थांबू नये. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे लगेच जाता येते. संरक्षण, राहण्याची सोय, पोटगी आणि मुलांचा तात्पुरता ताबा त्याच अर्जात मागता येतो. हा कायदा सर्व धर्मांच्या व जमातींच्या स्त्रियांना लागू आहे.

घरात असा प्रसंग आला असेल, तर पंच बसण्याआधी आणि स्टॅम्पपेपर आणण्याआधी एकदा तालुक्याच्या न्यायालयात जाऊन विधी सेवा समितीत विचारपूस करा. जाताना लेकीला बरोबर न्या आणि तिचे म्हणणे तिलाच सांगू द्या.